सायलेन्सर बदलल्यावर कार्ब्युरेटर कसा जुळवायचा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इथली माहिती कार्ब्युरेटरवाल्या फोर स्ट्रोक गाड्यांसाठी आहे : यूसीई इंजिनाची (इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच घरात) क्लासिक किंवा बुलेट 350, जुनी कास्ट आयर्न बुलेट, पल्सर 150 ते 220 आणि त्यांच्या जातकुळीतल्या इतर. 1 एप्रिल 2020 पासून बीएस 6 आलं आणि जवळपास सगळ्या नव्या मोटरसायकली फ्युएल इंजेक्शनवर गेल्या. त्यांना जेट (पेट्रोल मोजून सोडणारा भोकाचा पितळी तुकडा) नसतो, त्यामुळे खालचं बहुतेक काही त्यांना लागू नाही. टू स्ट्रोक आरएक्स 100 साठी शेवटी वेगळा प्रश्न घेतला आहे.

सायलेन्सर बदलला की जेट बदलावाच लागतो का?

नाही. गॅरेजमध्ये सायलेन्सर बसवता बसवता "जेट पण मोठा टाकून देतो" असं म्हणतात, तिथूनच निम्मा घोटाळा सुरू होतो. मूळ बेंड पाइप (हेडमधून निघणारा वाकडा पाइप) तसाच ठेवून फक्त मागचा मफलर बदलला असेल, आत बॅफल (आवाज दाबणारा आतला भाग) असेल आणि एअर फिल्टर कंपनीचाच असेल, तर बहुतेक वेळा आयडलच्या (मूठ बंद असताना इंजिन नुसतं चालू राहतं त्या अवस्थेच्या) मिश्रणाचा स्क्रू पाव ते अर्धा फेरा फिरवून काम भागतं. फार तर मेन जेट एक नंबर वर.

बॅफल नसलेला सरळ पाइप, नवा बेंड पाइप आणि वर एअर बॉक्स काढून लावलेला कोन फिल्टर, असा सगळा संच असेल तर मात्र पायलट, सुई आणि मेन जेट ही पेट्रोलच्या वाटेची तिन्ही सर्किट हलवावी लागतात. आणि त्यातही मोठा फरक कोन फिल्टरमुळे पडतो, सायलेन्सरमुळे नाही. शक्य असेल तर एअर बॉक्सला हात लावू नका. पुढची निम्मी डोकेदुखी तिथेच टळते.

मुळात मिश्रण लीन (हवा जास्त, पेट्रोल कमी) का होतं?

जळालेला वायू लवकर बाहेर पडला की सिलिंडरमध्ये ताजी हवा जास्त येते. कार्ब्युरेटरच्या गळ्यातून जास्त हवा गेली की ओढही वाढते आणि पेट्रोलही जास्त खेचलं जातं, म्हणजे कार्ब्युरेटर थोडंफार आपोआप सांभाळून घेतो. पण पूर्ण नाही. त्यात प्रदूषणाच्या नियमांसाठी कंपनीने आयडल आणि कमी रेसचं सेटिंग आधीच काठावर, लीनकडे झुकतं ठेवलेलं असतं. म्हणून पहिली तक्रार येते ती तिथूनच : थंड गाडी सुरू होत नाही, सिग्नलला बंद पडते, रेस सोडली की फटफट होते.

पेट्रोलचा एक भाग पूर्ण जळायला वजनाने सुमारे 14.7 भाग हवा लागते. पूर्ण ताकद मात्र 12.5 ते 13 च्या आसपास मिळते. जुळवायचं म्हणजे रेस पूर्ण असताना या दुसऱ्या आकड्याजवळ जायचं, आणि बाकी वेळ उगाच पेट्रोल ओतायचं नाही.

गाडी लीन आहे की रिच (पेट्रोल जास्त), हे कसं ओळखायचं?

आधी एक काम करा. रेसच्या मुठीवर आणि शेजारच्या स्विचच्या घरावर पांढरी चिकटपट्टी लावून बंद, पाव, अर्धा, पाऊण आणि पूर्ण अशा खुणा करा. कुठलं सर्किट चाललंय हे मूठ किती उघडली आहे यावर ठरतं. ताशी वेग किंवा आरपीएम बघून काही कळत नाही. "साठच्या पुढे मिसिंग करते" या तक्रारीतून निदान होत नाही, "अर्ध्या मुठीला मिसिंग करते" यातून होतं.

बंद ते पाव मुठीपर्यंत पायलट जेट (गॅरेजच्या भाषेत स्लो जेट) आणि मिश्रणाचा स्क्रू. पाव ते पाऊण जेट नीडल, म्हणजे सुई. पाऊणच्या पुढे मेन जेट. सीमारेषा धूसर असतात, एक सर्किट दुसऱ्यात मिसळतं.

लीनची लक्षणं : रेस दिल्यावर क्षणभर दम तोडते आणि मग उचलते, रेस सोडल्यावर आरपीएम रेंगाळत खाली येतात, इंजिन नेहमीपेक्षा तापतं, चोक थोडा ओढला की गाडी सुधारते. रिचची लक्षणं : आवाज जड, भकभक, गरम झाल्यावर आणखी बिघडते, सायलेन्सरच्या तोंडाशी काळी काजळी, पेट्रोलचा वास, चोक ओढला की गाडी मरते. थंड असताना छान आणि गरम झाल्यावर वाईट असेल तर रिच, थंड असताना वाईट आणि गरम झाल्यावर छान असेल तर लीन. एवढं एक वाक्य लक्षात ठेवलं तरी चुकीच्या दिशेने जाणं टळतं.

कार्ब्युरेटर उघडायच्या आधी काय तपासायचं?

ही पायरी टाळून लोक जेट बदलत बसतात आणि दोष भलतीकडेच निघतो.

पहिला, सायलेन्सरचा जोड. बेंड पाइप हेडला जिथे बसतो तिथली गास्केट नवीन टाका, जुनी चेपलेली परत वापरू नका. मफलरचा जोड आणि क्लॅम्पही बघा. थंड इंजिन सुरू करून जोडावर साबणाचं पाणी सोडा, बुडबुडे आले तर गळती आहे.

दुसरा, इनटेकचं रबर, म्हणजे कार्ब्युरेटर आणि हेडमधला तुकडा. बुलेटमध्ये हे जुनं झालं की चिरा पडतात आणि तिथून फुकटची हवा शिरते. रबर वाकवून चिरा बघा, क्लॅम्प घट्ट आहेत का बघा. बरेच जण चालू इंजिनाच्या रबरावर क्लीनरचा स्प्रे मारून आरपीएम चढतात का बघतात. पद्धत बरोबर आहे, पण तो स्प्रे भडकतो. इंजिन थंड असताना, अगदी थोडा आणि सायलेन्सरपासून लांब मारा.

मग एअर फिल्टर आणि टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हच्या टोकाशी ठेवलेली फट. पल्सर 150 ला इनलेट 0.05 आणि एक्झॉस्ट 0.10 मिमी फट, तीही थंड इंजिनावर. यूसीई बुलेटला हायड्रॉलिक टॅपेट असतात, तिथे फट ठेवायची भानगड नाही. शेवटी प्लग. यूसीई 350 आणि पल्सर 150 डीटीएस-आय या दोन्हींत दोन-दोन प्लग आहेत. एक मेलेला असला तरी गाडी चालते, फक्त मरगळलेली चालते, आणि दोष बिचाऱ्या जेटवर येतो.

काय काय सामान लागेल?

मेन जेट सध्याच्या नंबरापासून वरचे तीन. म्हणजे तुमच्या जेटवर 110 कोरलेलं असेल तर 112.5, 115 आणि 117.5. पायलट जेट एक नंबर वरचा. सध्याचे नंबर भिंग लावून आधी वाचा आणि लिहून ठेवा. एकाच मॉडेलमध्ये वर्षानुसार जेट बदललेले असतात, त्यामुळे मित्राच्या गाडीचा आकडा उचलू नका. मिकुनी आणि केहिन या कार्ब्युरेटर कंपन्यांची नंबर मोजायची पद्धत वेगळी आहे, मिकुनीचा 110 आणि केहिनचा 110 सारखे नव्हेत.

हत्यारांत जपानी मापाचा म्हणजे जेआयएस स्क्रू ड्रायव्हर हवाच. मिकुनीच्या वाटीचे स्क्रू साध्या फिलिप्सने घसरतात आणि डोकी जातात. जेटच्या खाचेत पूर्ण बसेल असा रुंद सपाट ड्रायव्हर, छोटा चिमटा, फ्लोटच्या (पेट्रोलची पातळी राखणारा तरंगता तुकडा) वाटीची नवी गास्केट, पेट्रोल सोडायला काचेची बाटली, आणि खाली अंथरायला पांढरं कापड. पांढरं अशासाठी की पडलेली क्लिप दिसते.

जेट तारेने किंवा बारीक ड्रिलने मोठा करून देणारे अजूनही भेटतात. ते करू देऊ नका. भोकाची कड आणि आतला गुळगुळीतपणा बिघडला की जेटवरच्या नंबराला अर्थ राहत नाही, आणि पुढच्या वेळी कुठून कुठे आलो हेच कळत नाही.

मिश्रणाचा स्क्रू कुठे असतो आणि कुठल्या बाजूला फिरवायचा?

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, कारण स्क्रू दोन जातींचे आहेत आणि उलटसुलट वागतात.

स्क्रू एअर फिल्टरच्या बाजूला असेल तर तो एअर स्क्रू. जुन्या बुलेटच्या व्हीएम जातीच्या कार्ब्युरेटरला (हवेची वाट उघडणारी स्लाइड थेट केबलने उचलली जाते) हाच असतो. तो बाहेर काढला की हवा वाढते, म्हणजे लीन. आत घेतला की रिच. स्क्रू इंजिनाच्या बाजूला असेल तर तो फ्युएल स्क्रू. यूसीई 350 आणि पल्सरच्या सीव्ही जातीच्या कार्ब्युरेटरला (स्लाइड हवेच्या ओढीने उचलली जाते) हा असतो. तो बाहेर काढला की पेट्रोल वाढतं, म्हणजे रिच.

फ्युएल स्क्रूवर बऱ्याचदा कारखान्यातून पितळी बूच ठोकलेलं असतं. त्याला 2 मिमीचं ड्रिल हातानेच अलगद मारा, आरपार गेलं की लगेच थांबा. नाहीतर खालच्या स्क्रूचं डोकं कातरलं जातं. मग त्या भोकात छोटा स्क्रू अडकवून बूच ओढून काढा. आतला स्क्रू सगळ्यात आधी आत फिरवत न्या आणि टेकेपर्यंत किती फेरे झाले ते मोजा. हेच मूळ सेटिंग, ते लिहून ठेवा. टेकल्यावर दाबू नका, सुईसारखं टोक बसकणीत रुतलं की कार्ब्युरेटरची बॉडी गेली. स्क्रू पूर्ण काढलात तर त्याच्यासोबत स्प्रिंग, वॉशर आणि बारीक ओ-रिंग येते. ओ-रिंग सगळ्यात आत असते आणि भोकातच चिकटून राहते. ती हरवली की आयडल कधीच स्थिर होत नाही.

आता जुळवणी. गाडी दहा-पंधरा मिनिटं चालवून पूर्ण गरम करा, जागेवर रेस देऊन नव्हे. फ्युएल स्क्रू असेल तर दोन फेरे बाहेर, एअर स्क्रू असेल तर दीड फेरा बाहेर, इथून सुरुवात. आयडल थोडा वर ठेवा. स्क्रू पाव-पाव फेरा फिरवत, प्रत्येक वेळी दहा सेकंद थांबून, आरपीएम सर्वात जास्त कुठे होतात ती जागा शोधा. मग आयडल परत खाली आणा : यूसीई 350 ला 1,000 ते 1,100, पल्सर 150 ला 1,400 च्या आसपास. पुन्हा एकदा तीच जागा शोधा. शेवटी पाव फेरा रिचच्या दिशेने द्या, रेस देताना दम तोडत नाही.

फ्युएल स्क्रू तीन फेऱ्यांपेक्षा जास्त बाहेर काढूनच गाडी नीट चालते, किंवा एअर स्क्रू अर्ध्या फेऱ्याच्याही आत न्यावा लागतो, तर पायलट जेट लहान पडतोय. एक नंबर वाढवा आणि सगळं पहिल्यापासून.

सुई वर घ्यायची म्हणजे नक्की काय करायचं?

सुईला वरच्या टोकाला खाचा असतात आणि एका खाचेत क्लिप. खाचा वरून मोजायच्या. क्लिप खालच्या खाचेत घातली की सुई वर येते आणि मिश्रण रिच होतं. एका वेळी एकच खाच.

बऱ्याच देशी सीव्ही कार्ब्युरेटरच्या सुईला एकच खाच असते. तिथे क्लिपखाली सुमारे अर्धा मिमी जाडीचं बारीक वॉशर घालतात, आतलं भोक सुई जेमतेम जाईल एवढं. वॉशरने स्लाइडच्या तळातलं हवेचं भोक झाकलं जाणार नाही हे बघा, ते झाकलं तर स्लाइड उचलणारच नाही. झाकण उघडलंच आहे तर काळा रबरी पडदा उजेडासमोर धरा. सुईच्या टोकाएवढं छिद्र असलं तरी गाडी अर्ध्या मुठीपुढे पळत नाही, आणि त्यावर कुठलाही जेट उपाय नाही. पडदा परत बसवताना त्याची जीभ खाचेत बसवा. स्प्रिंग कापू नका.

व्हीएम कार्ब्युरेटरमध्ये स्लाइडची खाच बॉडीतल्या पिनवर बरोबर बसली पाहिजे. इंजिन सुरू करण्याआधी मूठ पूर्ण पिळून सोडा. "टक्" आवाज करत स्लाइड खाली आली पाहिजे. हँडल दोन्ही टोकांना वळवूनही हे करून बघा. अडकलेल्या स्लाइडवर किक मारली तर गाडी थेट पूर्ण रेसवर सुरू होईल.

मेन जेट किती मोठा घ्यायचा?

बॅफलवाला मफलर आणि मूळ फिल्टर असेल तर तोच, किंवा एक नंबर वर. मोकळा पाइप आणि मूळ फिल्टर : एक ते दोन वर. मोकळा पाइप आणि कोन फिल्टर : तीन-चार नंबर वरून सुरुवात करून खाली या. मेन जेट नेहमी रिचकडून लीनकडे यावा. जास्त रिच इंजिन नुसतं रडतं, पूर्ण रेसवर लीन इंजिन पिस्टन आणि व्हॉल्व्ह खातं.

पेट्रोलचा कॉक बंद करा, वाटी रिकामी करा, क्लॅम्प सैल करून कार्ब्युरेटर आपल्याकडे तिरका केला की बऱ्याच गाड्यांत तो पूर्ण न काढताही वाटी उघडता येते. पितळ मऊ असतं. जेट बोटांनी बसवा आणि ड्रायव्हरने फक्त टेकवून किंचित आवळा.

तपासायला हायवेवर शंभरच्या पुढे जायची गरज नाही. रहदारी नसलेल्या सरळ चढावर, तिसऱ्या गिअरमध्ये, मूठ पूर्ण उघडा आणि चार-पाच सेकंद तशीच ठेवा. मग किंचित, बोटभर मागे घ्या. मूठ मागे घेताच गाडी उलट जोर धरते असं वाटलं तर मेन जेट लहान. पूर्ण रेसवर अडखळते, भकभकते, तर मोठा. मागे घेतल्यावर फक्त थोडी मंदावली, तर बरोबर आहे.

प्लगचा रंग बघून सांगता येतं का?

थोडंफार. आयडलवर दहा मिनिटं उभी राहिलेली गाडी बंद करून प्लग काढला तर तो काळाच दिसणार, त्यावरून मेन जेट ठरवू नका. वर सांगितलेल्या चढावर पूर्ण रेस असतानाच क्लच दाबून इंजिन बंद करा, बाजूला थांबून प्लग बघा. पोर्सेलिनचा रंग फिकट बिस्किटासारखा ते दुधाच्या चहासारखा हवा. चुन्यासारखा पांढरा, त्यावर चमकते बारीक ठिपके, तर लगेच थांबा आणि जेट वाढवा. कोरडी मऊ काजळी म्हणजे रिच, ओली तेलकट काजळी म्हणजे रिंग किंवा व्हॉल्व्ह सील. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलवर प्लग पूर्वीपेक्षा उजळ दिसतात. जुन्या तक्त्यातला "चॉकलेटी" रंग आणायला गेलात तर रिच कराल.

रेस सोडल्यावर सायलेन्सरमधून फटाके का वाजतात?

न जळलेलं पेट्रोल गरम पाइपात पोचतं आणि तिथे हवा मिळाली की पेटतं. हवा कुठून येते ते शोधा. पहिला संशय जोडाच्या गास्केटवर, दुसरा लीन पायलट सर्किटवर : मिश्रण इतकं पातळ असतं की सिलिंडरमध्ये पेट घेतच नाही. तिसरा, बऱ्याच बीएस 3 आणि बीएस 4 गाड्यांत प्रदूषण कमी करायला एक्झॉस्टमध्ये ताजी हवा सोडणारा व्हॉल्व्ह असतो. मूळ सायलेन्सर तो आवाज गिळायचा, मोकळा पाइप गिळत नाही. निदानापुरती त्याची नळी चिमटून बघा, फटाके थांबले तर कारण तेच.

उतारावर अधूनमधून एखादी फटफट चालते. बंदुकीसारखे बार म्हणजे काहीतरी चुकलंय, आणि त्याचा ताकदीशी काही संबंध नाही.

बेंड पाइप निळा पडला. लीन आहे का?

असेलच असं नाही. बाजारातले बरेच बेंड पाइप एकपदरी असतात आणि हेडपासून काही इंच निळे-सोनेरी होतातच. मूळ पाइप दुपदरी असला की तेवढंच तापमान बाहेर दिसत नाही. अंधारात आयडलवर पाइप लालबुंद दिसत असेल तर मात्र लीन मिश्रण किंवा उशिराचं इग्निशन, दोन्ही तपासा.

काम केल्यापासून पेट्रोल गळतंय किंवा आयडल उतरत नाही.

गळती म्हणजे बहुतेक वेळा फ्लोटच्या सुईखाली कचरा, किंवा वाटीची गास्केट दुमडलेली. वाटी बसवताना फ्लोट वाकला असेल तर पेट्रोलची पातळी बदलते आणि मग तिन्ही सर्किट एकदम रिच किंवा लीन होतात. फ्लोटची उंची मॅन्युअलमध्ये बघून व्हर्निअरने मोजा. आयडल उतरत नसेल तर आधी केबलला थोडा ढिलेपणा आहे का बघा, मग इनटेकचं रबर. कार्ब्युरेटरच्या बाजूला काळा थ्रॉटल पोझिशन सेन्सर असेल तर त्याचे स्क्रू सोडू नका, त्याची जागा हलली की इग्निशनचं गणित बिघडतं.

ई20 पेट्रोलमुळे वेगळं काही करायचं का?

हो, आणि सध्याच्या बऱ्याच "सायलेन्सरमुळे लीन झाली" तक्रारींत खरा हात याचाच असतो. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, म्हणून 20 टक्के मिश्रणाला पूर्ण जळायला हवेचे सुमारे 13.5 भागच पुरतात. शुद्ध पेट्रोलसाठी जुळवलेला जेट तोच राहिला तर मिश्रण सात-आठ टक्क्यांनी लीन होतं. कार्ब्युरेटरला हे समजायची सोय नाही. पायलट स्क्रू पाव-अर्धा फेरा आणि मेन जेट एक नंबर, एवढ्याने सहसा जुळतं. 2010 च्या आसपासच्या गाडीत रबराच्या नळ्या आणि फ्लोटच्या सुईचं रबरी टोक फुगलंय का तेही बघा. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर वाटी रिकामी करा.

घाटावर आणि कोकणात वेगळं सेटिंग ठेवायचं का?

नको. उंचीवर हवा विरळ, म्हणून गाडी रिच होते. पुणे साधारण 560 मीटरवर, महाबळेश्वर 1,350 च्या आसपास. या फरकाने मायलेज थोडं घटेल, बाकी काही नाही. रत्नागिरीत जुळवलेली गाडी महाबळेश्वरला चालते. उलट महाबळेश्वरला काठावर जुळवलेली गाडी समुद्रसपाटीला लीन पडू शकते, तेव्हा जुळवणी खाली करा. लडाखला जाताना मात्र मूळ मेन जेट आणि त्याच्या खालचे दोन नंबर सोबत ठेवा.

ताकद आणि मायलेज किती वाढेल?

नुसत्या मफलरने पिकअपमध्ये अंगाला जाणवेल असा फरक सहसा पडत नाही. वाढलेला आवाज वेगासारखा भासतो. खरा फायदा वजनात होतो. मायलेज वाढत नाही. नीट जुळवल्यास पूर्वीच्या जवळपास राहतं, उगाच रिच ठेवल्यास सरळ घटतं.

आरएक्स 100 ला हेच लागू आहे का?

नाही. टू स्ट्रोकमध्ये सायलेन्सर हा इंजिनाचाच भाग आहे. त्यातून परतणारा दाब ताजं मिश्रण सिलिंडरमध्ये परत ढकलतो. चेंबर (टू स्ट्रोकचा फुगीर सायलेन्सर) बदललं की जोराचा पट्टाच सरकतो. आणि तेल पेट्रोलमध्ये मिसळून घालत असाल तर लीन झाली की वंगणाचीही बोंब : पूर्ण रेसवर पिस्टन धरतो, मागचं चाक लॉक होतं. मेन जेट चार नंबर वरून सुरू करा, एकेक खाली या आणि लांबच्या उतारावर मूठ पूर्ण बंद ठेवून गाडी सोडू नका.

पीयूसी आणि पोलीस?

31 मार्च 2000 नंतर बनलेल्या, बीएस 6 पूर्वीच्या फोर स्ट्रोक दुचाकीला आयडलवर कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा 3.5 टक्के आहे. हे यंत्र जुळवणीलाही कामाचं आहे. स्क्रू फिरवून झाल्यावर पीयूसी केंद्रावर आकडा वाचा. 2 ते 3 च्या दरम्यान असेल तर आयडल चांगला, अर्ध्या टक्क्याच्या खाली असेल तर लीन, 3.5 च्या वर असेल तर रिच आणि नापास. ताजी हवा सोडणारा व्हॉल्व्ह चालू असेल तर आकडा खोटा कमी दिसतो. यंत्राला फक्त आयडल दिसतो, मेन जेटबद्दल ते काही सांगत नाही.

कायद्याचं चित्र स्पष्ट आहे. 175 सीसीवरच्या मोटरसायकलला कारखान्यातल्या चाचणीत 80 डेसिबलची मर्यादा आहे, 80 ते 175 सीसीला 77. आवाज आणि प्रदूषणाच्या नियमभंगाला मोटार वाहन कायद्याच्या कलम 190(2) खाली पहिल्या वेळी 10,000 रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, आणि लायसन्स तीन महिने अपात्र. परवानगीशिवाय केलेल्या बदलाला कलम 182ए(4) खाली प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. मुंबई-पुण्यात जप्त केलेले सायलेन्सर रोडरोलरखाली घातलेले आहेत. बॅफल काढता येण्याजोगा असेल तर तो स्क्रूने पक्का बसवूनच जुळवणी करा. बॅफलशिवाय जुळवलेली गाडी बॅफल घातल्यावर रिच होते आणि सगळं काम पुन्हा करावं लागतं. मूळ सायलेन्सर आणि मूळ जेट विकू नका. ते एकाच पिशवीत ठेवा आणि त्यात चिठ्ठी टाका : जेटचे नंबर, क्लिपची खाच, स्क्रूचे फेरे.